तिसऱ्या रकान्यातलं शून्य

भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात तीन रकाने असतात: कामगाराचा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शनचा वाटा. पगार 15,000 असेल तर पहिल्यात 1,800 रुपये पडतात, दुसऱ्यात 550 आणि तिसऱ्यात 1,250. मार्चअखेर व्याजाची ओळ येते. पहिल्या दोन रकान्यांत व्याज जमा होतं. तिसऱ्यात शून्य.

या शून्याची किंमत काढून पाहू. 2001 ते 2014 या काळात पेन्शनसाठी धरायचा पगार 6,500 वर अडकलेला होता. त्याचे 8.33 टक्के म्हणजे महिन्याला 541 रुपये. सोप्या हिशेबासाठी हीच रक्कम सलग 20 वर्षं गेली असं धरू. भरणा झाला 1 लाख 29 हजार 840. त्यावर 8 टक्के व्याज धरलं तर साधारण 3 लाख 18 हजार होतात. (2001 पासून पीएफचा दर कधीच 8.1 च्या खाली गेलेला नाही, म्हणजे मी हात राखूनच धरलंय. केंद्र सरकार वरून जे 1.16 टक्के घालतं, तेही सोडून दिलंय.)

आता पेन्शन. पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले 70, आणि वीस वर्षं भरली की दोन वर्षांची भर. 6,500 गुणिले 22 भागिले 70: महिन्याला 2,043 रुपये. तेच 3 लाख 18 हजार 8 टक्क्यांनी ठेवले असते, तर नुसतं व्याज 2,120 आलं असतं आणि मुद्दल जागच्या जागी राहिली असती. योजनेत मुद्दल वारसांना मिळत नाही; भांडवल परत घेण्याची सोय 2008 मध्ये बंद झाली.

दुसरी बाजूही खरी आहे. कामगार ऐन उमेदीत गेला तर त्याच्या बायकोला आणि लेकरांना पेन्शन मिळते, कायमचं अपंगत्व आलं तरी मिळते. या आधाराला खर्च येणारच. पण आपल्या 541 मधले किती त्यापायी गेले, हे सभासदाला पासबुकात कुठेच कळत नाही. हा निधी सांभाळणाऱ्या ज्या मंडळाच्या नावातच विश्वस्त हा शब्द आहे, त्यानं एवढा हिशेब तरी प्रत्येकाच्या हाती द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

न दिसणारा खर्च निवृत्तीच्या पैशातून किती खातो, याचं अमेरिकेच्या कामगार खात्याचं एक उदाहरण आहे. 25,000 डॉलर, 35 वर्षं, 7 टक्के परतावा. वार्षिक खर्च अर्धा टक्का असेल तर 2,27,000 डॉलर होतात. दीड टक्का असेल तर 1,63,000. एका टक्क्यात चौथ्या हिश्शाहून जास्त साफ. तिथे तो टक्का निदान कागदावर सापडतो.

आपल्याकडे बुलढाण्यात पेन्शनचा हिशेब लोकांनी रस्त्यावर आणला. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालच्या ईपीएस-95 (म्हणजे हीच पेन्शन योजना) राष्ट्रीय संघर्ष समितीनं 24 डिसेंबर 2018 रोजी जिल्हाधिकारी कचेरीसमोर साखळी उपोषण सुरू केलं, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. एसटी, वीज मंडळ, सहकारी बँका, सूतगिरण्या यांतून निवृत्त झालेली ही माणसं. मागणी किमान 7,500 रुपये आणि महागाई भत्त्याची. किमान पेन्शन आहे 1,000 रुपये, म्हणजे दिवसाला 33. ती सप्टेंबर 2014 मध्ये ठरली. महागाई वर्षाला 5 टक्के धरली तर दहा वर्षांत त्या हजाराची किंमत 614 उरते. भत्ता नसल्यामुळे गेलेले 386 कोणत्याच पावतीवर येत नाहीत.

भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभा समितीनं 2013 मध्येच किमान 3,000 सुचवले होते. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारनं पेन्शनधारकांचा आकडा सांगितला: 78 लाख. सगळ्यांना हजार रुपये दिले तर महिन्याला 780 कोटी, साडेसात हजार दिले तर 5,850 कोटी. एवढा पैसा 541 रुपयांच्या भरण्यातून निघणार नाही. तो सरकारच्या तिजोरीतूनच यावा लागेल.