मानसाची वाट कोणत्या हंसाची?

मेघदूत शिकविताना ‘हंस’ ह्या शब्दापाशी आपण चित्रातील शुभ्र, लांब मानेचा पक्षी विद्यार्थ्यांपुढे उभा करतो आणि पुढे सरकतो. तो पक्षी आपल्या देशात क्वचितच वाट चुकून येतो. हिमालय ओलांडून दरवर्षी ये-जा करणारा हंस म्हणजे, आमच्या मते, पट्टकादंब.

तो पाहावयास वडोदऱ्याच्या वाचकांना दूर जावे लागत नाही. गायकवाडी अमदानीत १९१० च्या सुमारास सिंचनासाठी बांधलेला, डभोई तालुक्यातील वढवाणा तलाव त्याचे हिवाळी मुक्कामाचे ठिकाण आहे. राखी अंग, पांढरे मस्तक आणि त्यावर दोन काळे पट्टे ही त्याची खूण. सोबतीला थोराड, गुलाबी चोचीचा कलहंसही आढळतो. त्याच्या मस्तकावर पट्टे नसतात. दुपारी थवा पाण्यालगत विसावतो, पण त्यातील काही माना उंचावलेल्याच असतात. सांजावले की आवाज देत, रांगा धरून तो रब्बीच्या शेतांत चरावयास निघतो. (शेतकऱ्यास हा काव्यविषय रुचत नाही, हे सांगणे नलगे.)

हिमालयावरून जाताना ह्यांपैकी एक पक्षी ७,२९० मीटर उंचीवर नोंदला गेला आहे. विरळ हवेतील प्राणवायू त्याचे रक्त इतर हंसांपेक्षा सहज धरते. एरवी मात्र हे पक्षी डोंगरांच्या चढउतारांलगतच उडतात.

एक अडचण उरते. कालिदासाचे राजहंस आषाढमेघाच्या गर्जनेने मानसाकडे निघतात. आमचे पट्टकादंब चैत्र सरेतो बहुतांशी गेलेले असतात. क्रौंचरंध्राची वाट कवीस ठाऊक होती; महिना त्याने मेघासाठी बदलला असावा.