साडेनऊचा डबा

बिझनेस कॉन्फरन्स म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? सूटबूट, गळ्यात ओळखपत्र, पडद्यावर एकामागून एक सरकणारे आलेख आणि जेवणाआधी हटकून येणारी पेंग! म्हणूनच आयोजक मंडळींनी एक युक्ती काढली आहे. दिवसातलं एक भाषण जरा वेगळं ठेवायचं. हसवणारं, आणि घरी जाताना डोक्यात काहीतरी घोळत ठेवणारं. त्यासाठी कधी गिर्यारोहक बोलावतात, कधी क्रिकेटपटू, कधी निवृत्त लष्करी अधिकारी. पण आपल्या महाराष्ट्रात या जागेवर खरा हक्क कुणाचा असेल तर तो मुंबईच्या डबेवाल्यांचा, असं माझं मत आहे.

पांढरा सदरा, लेंगा, डोक्यावर गांधी टोपी. बहुतेक जण मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडचे, वारकरी घरातले. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेलं हे काम. शिकलेले बेताचेच. पण हीच माणसं आयआयएमच्या वर्गात, बँकांच्या साहेबलोकांपुढे उभी राहून मराठी-हिंदीत बिनधास्त बोलतात. रघुनाथ मेदगे आणि गंगाराम तळेकर या त्यांच्या पुढाऱ्यांनी अशी कितीतरी व्याख्यानं दिली. २०१० मध्ये तर हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने त्यांच्या कामावर अभ्यासासाठी प्रकरणच लिहिलं.

मी असं भाषण ऐकलं ते आमच्या बार्शीत, व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात. आमच्या भिशीतल्या आम्ही पाच जणी मागच्या रांगेत होतो. त्यातल्या एक काकू खानावळ चालवतात, कॉलेजची चाळीस पोरं त्यांच्याकडून डबा नेतात. सकाळी करांवर एक साहेब तासभर बोलले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मग टोपीवाले पाहुणे उठले आणि त्यांनी पिशवीतून एक पोचे पडलेला ॲल्युमिनियमचा डबा काढून पुढच्या रांगेतल्या व्यापाऱ्याच्या हातात दिला. झाकणावर रंगाने काही अक्षरं, काही आकडे. "वाचा शेठ!" म्हणाले. शेठनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. जमेना. हॉलमध्ये हशा.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. व्हीएलपी म्हणजे डबा विलेपार्ल्याचा. मधला ३ म्हणजे कुठल्या स्टेशनावर उतरवायचा ते. ईएक्स म्हणजे एक्सप्रेस टॉवर्स, त्यापुढचा १२ म्हणजे बारावा मजला. कुठे पत्ता नाही, नाव नाही, फोन नंबर नाही. पूर्वी तर अक्षरंही नव्हती, नुसते रंगीत दोरे असायचे. एक डबा वाटेत चार-पाच हातांतून जातो, लोकलमधून, डोक्यावरच्या साठ-पासष्ट किलोच्या फळीवरून, आणि जेवणाच्या सुट्टीत बरोब्बर त्या टेबलावर. संध्याकाळी रिकामा डबा पुन्हा त्याच घरी. आणि गटातल्या सगळ्यांचा पगार सारखा, नवा असो की जुना.

इंग्लंडचे राजपुत्र चार्ल्स (आता ते राजे आहेत) २००३ मध्ये भेटायला आले, तेव्हा त्यांनाच डबेवाल्यांची वेळ सांभाळावी लागली. चर्चगेटला, डब्यांची विभागणी होते तेव्हाच भेट! पुढे २००५ मध्ये त्यांच्या लग्नाचं आमंत्रण आलं आणि दोघे डबेवाले लंडनला जाऊन आले. अहेर काय नेला? नवरदेवाला फेटा, नवरीला साडी. हे ऐकताना आमची रांग जरा पुढे सरकून बसली, हे सांगायलाच हवं.

आता एक गोष्ट. पाहुण्यांची ओळख करून देताना सूत्रसंचालकांनी ठणकावून सांगितलं होतं, "फोर्ब्ज मासिकाने यांना सिक्स सिग्माचं सर्टिफिकेट दिलंय!" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. सिक्स सिग्मा म्हणजे कारखान्यांतली चुका कमी करायची पद्धत. दहा लाख वेळा काम केलं तर चुका ३.४ हून जास्त नकोत, असा तिचा हिशेब. गंमत अशी की फोर्ब्जने असं सर्टिफिकेट कधी दिलंच नाही. १९९८ मध्ये त्यांच्या वार्ताहराने डबेवाल्यांच्या प्रमुखांना विचारलं, चूक किती वेळा होते? फार तर दोन महिन्यांतून एकदा, असं उत्तर आलं. रोजचे पावणेदोन लाख डबे धरून त्याने गुणाकार केला आणि ऐंशी लाख डब्यांत एक चूक असं छापलं. सिक्स सिग्मा हा शब्द त्याने वापरलाही नव्हता. पुढचं त्यानेच नंतर सांगितलेलं असं की, २००२ च्या एका परिषदेत कुणा पत्रकाराने अध्यक्षांना विचारलं, तुम्ही सिक्स सिग्मा आहात का? अध्यक्षांना शब्दच नवा. अर्थ सांगितल्यावर म्हणाले, मग आहोत की, फोर्ब्जला विचारा!

झालं. तेव्हापासून प्रत्येक व्यासपीठावर ते सर्टिफिकेट मिरवतंय. मला यात डबेवाल्यांचा दोष दिसत नाही. दोष ऐकणाऱ्यांचा. टोपीवाल्या माणसाचं काम चोख आहे, हे पटायला आपल्याला इंग्रजी शिक्का लागतो. दोन महिन्यांतून एकदाच चूक होते, हे साधं वाक्य पुरत नाही का?

आणि या सगळ्या कौतुकात एक जागा मोकळीच राहते. पाहुण्यांनी नियम सांगितला होता की डबेवाला दारात थांबत नाही. एका घराने वेळ चुकवली तर पुढच्या सगळ्यांची लोकल चुकते. वारंवार उशीर होणाऱ्या घराला आधी समज देतात, मग गिऱ्हाईकच सोडून देतात. व्यापारी मंडळींनी माना डोलावल्या. शिस्त म्हणतात ती ही! पण ती शिस्त पाळतं कोण? साडेनऊला डबा दारात हवा तर पाच वाजता कणीक भिजवणारी विरारची नाहीतर डोंबिवलीची बाई. पाणी भरायचं, मुलांची शाळा, सासूबाईंचा चहा, आणि भाजी मात्र साडेनऊच्या आतच.

प्रश्नोत्तरांत आमच्या काकू उठल्या. "दादा, तुमची साखळी आमच्या ओट्यापासनंच सुरू होते ना? मग तिच्या चुका कुणी मोजल्या का?"

पाहुणे हात जोडून म्हणाले, "माउली, तिची वेळ चुकत नाही म्हणून तर आमची चुकत नाही."

टाळ्या पडल्या. काकू उभ्याच. "आणि तिचा पगार?"

यावर सगळेच हसले, पाहुणे तेवढे हसले नाहीत. थोडं थांबून त्यांनी २०२० चं सांगितलं. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या, डबे बंद झाले. माणसं गावी परतली. कुणी शेतात, कुणी रिक्षावर, कुणी वॉचमन. नंतर ऑफिसं घरातूनच चालायला लागली आणि कितीतरी जण परत आलेच नाहीत. राजाच्या लग्नाला हसलेला हॉल गप्प झाला. इतकी वर्षं बिनचूक काम केलं, जगाने टाळ्या वाजवल्या, पण जेवणारा माणूस घरीच बसल्यावर डबा न्यायचा कुठे?

मला मात्र तेव्हा दुसरंच सुचत होतं. डबेवाल्यांचं काम थांबलं, त्याच महिन्यांत त्या ओट्यांवरचं दुप्पट झालं. सगळे घरात, तीन वेळा जेवायला. त्यावर भाषण कुठल्या परिषदेत ठेवलेलं माझ्या ऐकिवात नाही.

पुढच्या आठवड्यात काकूंच्या खानावळीत पाटी लागली. डबा सकाळी साडेनऊला तयार, अकरानंतर मिळणार नाही, आणि एक तारखेपासून महिन्याचा दर दोनशे रुपयांनी जास्त. पोरं कुरकुरली. काकूंनी वहीच उघडून दाखवली. तेल, डाळ, गॅस यांच्या खाली या वेळी एक नवी ओळ होती, पहाटे चार ते साडेनऊ, तास साडेपाच. सहा पोरांनी डबा बंद केला. महिनाभरात त्यातले दोघे परत आले. बाकी चौघांचं काकूंनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.