गोवर्धन शिवारातील द्राक्षे आणि दलाल स्ट्रीट

वेगवेगळ्या देशांतील समभागांच्या किमती परस्परांशी बांधल्या जाणे, म्हणजे शेअर बाजारांचे एकात्मीकरण, हे केवळ भांडवलाच्या मुक्त संचारामुळे घडत नाही. समभागाची किंमत कंपनीच्या भावी नफ्याच्या अपेक्षेवर ठरत असल्याने तो नफा परदेशी मालाशी जोडणारा व्यापारही तितकाच प्रभावी, आणि बहुधा अधिक दुर्लक्षित, दुवा असतो. नाशिकच्या गंगापूर रोडने पुढे गेल्यावर गोवर्धन शिवारात लागणाऱ्या सुला विनयार्ड्स या वाइन कंपनीचे समभाग 22 डिसेंबर 2022 रोजी मुंबईतील दोन्ही शेअर बाजारांत नोंदले गेले, आणि आठवडाभरातच, 29 डिसेंबरला, भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार अमलात आला. पाच अमेरिकी डॉलर वा अधिक, पण पंधरापेक्षा कमी आयातमूल्याच्या ऑस्ट्रेलियन वाइनच्या बाटलीवरील सीमाशुल्क, म्हणजे आयातीवरचा कर, तेव्हा 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आले असून दहा वर्षांत ते 50 टक्क्यांवर यायचे आहे. त्यामुळे या समभागाचे मूल्य जोखताना ऑस्ट्रेलियातील द्राक्षहंगाम आणि तेथील डॉलरचा विनिमय दर विचारात घेणे भाग पडते, मग भागधारक नाशिकचाच का असेना. पाच डॉलरखालील वाइनला मात्र ही सवलत नाही, आणि स्थानिक द्राक्षउत्पादकांचे खरे संरक्षण याच मर्यादेत आहे.