‘एए’च्या मीटिंगला जाण्यापूर्वी

• सुरुवात : अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए), दारू सोडू इच्छिणाऱ्यांची संघटना, १९३५, अ‍ॅक्रन, अमेरिका. संस्थापक बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ.

• सदस्यत्वाची अट : दारू सोडण्याची इच्छा, एवढीच. फी नाही, खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून.

• खुली मीटिंग : कुटुंबीयांसह कोणालाही प्रवेश. बंद मीटिंग : फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी.

• ओळख : गुप्त. पहिले नाव पुरते. बोलण्याची सक्ती नाही.

• कुटुंबीयांसाठी : अल-अनॉन ही वेगळी संघटना (१९५१).

• व्यसनमुक्ती केंद्र वेगळे : तिथे डॉक्टर, औषधे, दाखल होण्याची सोय. उदा. मुक्तांगण, पुणे (१९८६).

• चौकशी : एएचे संकेतस्थळ, जवळचे व्यसनमुक्ती केंद्र. सरकारी हेल्पलाइन : १४४४६.

• सावधान : रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवल्यास फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना भेटावे.