‘गिअर पडत नाही’ : एका तक्रारीचा अर्थविचार

१

मोटार दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये वारंवार कानी पडणारे एक लहानसे वाक्य आहे : ‘गिअर पडत नाही.’ व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे आणि ऐकणाऱ्यास ते चटकन समजतेही. परंतु बिघाडाच्या निदानास त्याचा उपयोग अत्यल्प होतो. परस्परांशी फारसा संबंध नसलेले किमान तीन बिघाड हे एकच वाक्य सांगते. त्यांपैकी एखादा केबलचा नट फिरवून दूर होतो, तर एखाद्यासाठी संपूर्ण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. सबब या वाक्याचा अर्थ नीट फोडून पाहणे हा केवळ भाषाभ्यासकाचा विरंगुळा नव्हे. गाडीच्या मालकाचा खर्च आणि कारागिराचा दिवस त्यावर अवलंबून असतो.

प्रथम क्रियापद पाहू. ‘पडणे’ याचे नियमित प्रयोजक रूप ‘पाडणे’. परंतु मोटारीच्या व्यवहारात जोडी रूढ आहे ती ‘टाकणे–पडणे’ अशी. चालक गिअर टाकतो व गिअर पडतो. ‘मी गिअर टाकू शकत नाही’ असे न म्हणता चालक ‘गिअर पडत नाही’ असे म्हणतो, तेव्हा अकर्मक रचनेत कर्ता लोपतो आणि त्याबरोबर एक महत्त्वाची माहितीही लोपते : अडथळा नेमका कोठे आहे? दांडा हलतच नाही, की दांडा हलतो पण आत दातांचा खरखराट होतो, की दांडा सहज जागेवर बसतो आणि तरीही गाडी निघत नाही? तिन्ही प्रसंगी वाक्य तेच राहते.

२

निदानाची रीत समजण्यासाठी यंत्राची रचना थोडक्यात लक्षात घेतली पाहिजे. इंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील हे जड चाक असते. त्यावर क्लच प्लेट दाबून धरण्याचे काम प्रेशर प्लेट करते. पायाखालचा पेडल दाबला की हा दाब दूर होतो, प्लेट मोकळी होते आणि गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचा इंजिनाशी संबंध तुटतो. गिअरबॉक्सच्या आत पुढे जाण्याच्या गिअरांची दंतचक्रे एकमेकांत सदैव गुंतलेलीच असतात. गिअर टाकणे म्हणजे ती गुंतविणे नव्हे. एक सरकते कडे पुढेमागे ढकलून इष्ट दंतचक्र बाहेर जाणाऱ्या दांड्याशी जखडणे, एवढीच ती क्रिया असते. हे कडे चिमट्यासारख्या एका फोर्कने सरकते.

जखडावयाच्या दोन भागांचा वेग भिन्न असेल तर दात एकमेकांवर आपटतात. हा वेग आधी समान करून घेणारी सिंक्रोमेशची योजना कॅडिलॅक गाड्यांत १९२८ च्या सुमारास आली. पितळी शंकूसारखी कडी आधी घासते, वेग जुळविते आणि मगच दातांना वाट देते. मात्र या कड्यांचे सामर्थ्य मर्यादित असते. क्लच पूर्णपणे सुटला नसेल, तर त्यांना चालू इंजिनालाच थोपवावे लागते. ते त्यांच्याने होत नाही आणि गिअर नाकारला जातो.

३

ध्वनिविचारात आपण ‘काल’ आणि ‘गाल’ अशा जोड्या घेतो. एकच घटक बदलावयाचा, बाकी सर्व तसेच ठेवावयाचे, आणि अर्थ बदलतो का ते पाहावयाचे. गिअरच्या निदानातील पहिली परीक्षा अगदी याच जातीची आहे. गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढून उभी करावी. इंजिन बंद ठेवून, पेडल दाबून, सर्व गिअर एकेक करून टाकून पाहावेत. नंतर इंजिन चालू करून तेच पुन्हा करावे. बदलणारा घटक एकच : इंजिनाचे फिरणे.

इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात आणि चालू असताना एकही पडत नाही, असे आढळले तर दांडा, केबल व फोर्क बहुधा निर्दोष आहेत आणि दोष क्लच न सुटण्यात आहे. इंजिन बंद असतानाही गिअर पडत नसतील, तर दोष क्लचच्या पलीकडे, दांड्यापासून फोर्कपर्यंतच्या मार्गात किंवा गिअरबॉक्सच्या पोटात शोधावा. येथे एक सावधगिरी हवी. स्थिर गाडीत कधीकधी दातांची टोके समोरासमोर येतात आणि निर्दोष गिअरही अडतो. अशा वेळी हातब्रेक सोडून गाडी किंचित पुढेमागे ढकलावी व पुन्हा प्रयत्न करावा.

पहिल्या निष्कर्षास दुजोरा देणारी आणखी एक परीक्षा आहे. अनेक गाड्यांत मागे जाण्याच्या गिअरला सिंक्रोमेश नसतो. इंजिन संथ चालू ठेवून, पेडल पूर्ण दाबून, पाच-दहा सेकंद थांबावे आणि मग हा गिअर टाकावा. क्लच सुटला असेल तर आतला दांडा तोवर थांबलेला असतो आणि गिअर निमूट पडतो. खरखराट झाला तर दांडा अजून फिरतो आहे, म्हणजेच क्लच सुटलेला नाही.

४

क्लच सुटत नाही असे ठरले तरी गिअरबॉक्स उतरविण्याची घाई करू नये. शोध बाहेरून आत जावा. पेडलखाली पायपुसणे गोळा होऊन पेडल तळाशी पोचत नाही, इतके क्षुल्लक कारणही असू शकते. केबलच्या गाड्यांत केबल सैल झाली किंवा तिचे तंतू तुटू लागले, की पेडल दाबूनही प्लेट पुरेशी मोकळी होत नाही. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये तेलाची पातळी पाहावी. पेडल भरभर दोन-तीनदा दाबल्यावर गिअर पडत असेल, तर नळीत हवा शिरली आहे किंवा सिलिंडर गळत आहे असा संशय घ्यावा. पुष्कळ गाड्यांत क्लच व ब्रेक यांचे तेल एकाच डबीत असते आणि क्लचची नळी डबीच्या वरच्या भागातून निघते. पातळी उतरली की प्रथम क्लच निकामी होतो, ब्रेक काही काळ चालतो. अशा गाडीत नुसते तेल ओतून पुढे जाणे धोक्याचे. गळती कोठे आहे हे शोधलेच पाहिजे.

हे सर्व ठीक असेल तरच आतील कारणांकडे वळावे : वाकलेली प्लेट, मोडलेली प्रेशर प्लेट, झिजलेले बेअरिंग, किंवा पावसाळाभर गाडी उभी राहिल्याने गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली प्लेट.

दोष क्लचच्या पलीकडचा असेल तर गिअरांची मांडणी रूपावलीसारखी वाचावी. कोणती स्थाने रिकामी आहेत ते पाहावे. पहिला व दुसरा हे दोन्ही गिअर बहुधा एकाच सरकत्या कड्याने पडतात, तिसरा व चौथा दुसऱ्या कड्याने. एकच जोडी नाहीशी झाली असेल तर त्या जोडीचा फोर्क किंवा कडे संशयास्पद. एकच गिअर खरखरत असेल तर त्याची सिंक्रोमेशची कडी झिजलेली असावी. सर्वच गिअर नाहीसे झाले आणि दांडा हातात ढिला लोंबू लागला, तर बाहेरचा जोड निखळला आहे असे समजावे; ही दुरुस्ती पुष्कळदा किरकोळ असते. मुंबईत २०२३ पर्यंत धावलेल्या पद्मिनी टॅक्सींमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत अनेक सांधे असल्यामुळे अशा रचनेत सांध्यांची झीज हे गिअर अडण्याचे एक स्वाभाविक कारण ठरते.

५

आता सर्वांत महाग पडणाऱ्या संदिग्धतेकडे वळू. गिअर पडत नाही म्हटल्याबरोबर ‘क्लच गेला’ हा निर्णय पुष्कळदा ऐकू येतो. वीज जाते, बल्ब जातो, तसा क्लचही जातो. ‘जाणे’ हे क्रियापद निकामी होणे एवढेच सांगते. परंतु क्लच दोन विरुद्ध प्रकारांनी निकामी होतो. तो धरत नाही, किंवा तो सुटत नाही. प्लेट झिजली की सामान्यतः तो धरत नाही : गिअर सहज पडतो, इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी मात्र त्या मानाने वेग घेत नाही. गिअर न पडणे हे सुटत नसल्याचे लक्षण आहे. त्यावर नुसती नवी प्लेट घातली आणि गळका सिलिंडर तसाच ठेवला, तर पैसे जातात व तक्रार राहते.

‘सोडणे–सुटणे’ या जोडीने गोंधळात भरच पडते. चालक ‘क्लच सोडला’ म्हणतो तेव्हा त्याने पाय उचललेला असतो, म्हणजे प्लेट घट्ट धरते. कारागीर ‘क्लच सुटला’ म्हणतो तेव्हा प्लेट मोकळी झालेली असते. धातू एकच, परंतु यंत्राच्या अवस्था नेमक्या उलट. एकाच्या बोलण्यात पेडल अभिप्रेत आहे, दुसऱ्याच्या बोलण्यात प्लेट.

तात्पर्य, तक्रार सांगताना नावापेक्षा वर्णन उपयोगी पडते. इंजिन बंद असताना गिअर पडतो काय? सर्व गिअर अडतात की ठराविक? खरखराट होतो काय? पेडल पूर्वीइतकाच कडक लागतो काय? या चार प्रश्नांची उत्तरे घेऊन गॅरेजमध्ये जावे, आणि ‘क्लच गेला’ असा निर्णय ऐकू आल्यास ‘धरत नाही, की सुटत नाही?’ हा पाचवा प्रश्न गाडी उघडण्यापूर्वीच विचारावा.