एका सायक्लोस्टाइल अंकाची गोष्ट



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शाळकरी मुलांनी काढलेल्या आणि पाच अंकांनंतर बंद पडलेल्या एका नियतकालिकाविषयी सांगण्यासारखे ते काय असणार? परंतु त्यातल्या तिसऱ्या अंकाने एक असे नाव जन्माला घातले की, ते आज जगातल्या बहुतेक मुलांना ठाऊक आहे.

प्रथम अशी मासिके निघू लागली कशी, ते पाहू. अमेरिकेत एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक याने 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापली जात. ही गोष्ट दिसायला साधी, पण तिचा परिणाम मोठा झाला. आपल्यासारखाच वेडा दुसऱ्या गावी आहे, हे वाचकांना कळले. ते परस्परांना पत्रे लिहू लागले, त्यांची मंडळे बनली, आणि मंडळांची स्वतःची पत्रके निघू लागली. मे १९३० मध्ये निघालेले 'द कॉमेट' हे अशा चाहत्यांच्या मासिकांतले पहिले मानले जाते.

ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात ग्लेनव्हिल हायस्कूल नावाची शाळा होती. जेरोम सीगल आणि जो शुस्टर हे तिथले दोन विद्यार्थी. दोघेही १९१४ साली जन्मलेले, दोघेही ज्यू स्थलांतरितांची मुले. सीगल लिही, शुस्टर चित्रे काढी. व्यावसायिक मासिके गोष्टी परत पाठवीत, तेव्हा १९३२ साली त्यांनी स्वतःचेच मासिक काढले. नाव 'सायन्स फिक्शन'; आणि त्याखाली भावी संस्कृतीची आघाडीची तुकडी अशा अर्थाचे भारदस्त उपशीर्षक!

छपाई कशी? आपल्याकडे कचेऱ्यांतून आणि शाळांतून सायक्लोस्टाइल अनेकांनी पाहिले असेल. मेण चढवलेल्या पातळ कागदावर टंकलेखन करायचे. अक्षराच्या ठोक्याने तेथले मेण निघून जाते. तो कागद शाईच्या रुळावर चढवून मूठ फिरवली की, त्या वाटांमधून शाई खालच्या कोऱ्या कागदावर उतरते. अक्षरे पुसट आणि चित्रे ओबडधोबड येतात. पण प्रकाशक लागत नाही, भांडवल लागत नाही, आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

जानेवारी १९३३ च्या तिसऱ्या अंकात सीगलने 'द रेन ऑफ द सुपरमॅन' ही गोष्ट लिहिली. तो महामंदीचा काळ होता. फुकट पावासाठी बेकारांच्या रांगा लागत. अशाच एका रांगेतून स्मॉली नावाचा रसायनशास्त्रज्ञ बिल डन या कंगाल माणसाला घरी आणतो आणि उल्केतल्या द्रव्यापासून केलेले औषध त्याला नकळत देतो. डनला दुसऱ्यांची मने वाचता येऊ लागतात, आणि सामर्थ्य येताच तो बिघडतो. तो शास्त्रज्ञाचाच खून करतो आणि जगावर सत्ता गाजवण्याची स्वप्ने पाहतो. पण औषधाचा अंमल संपत येतो. कृती ठाऊक असलेला एकमेव माणूस त्यानेच मारलेला असतो. शेवटी तो पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभा राहतो.

म्हणजे पहिला सुपरमॅन हा दुष्ट होता! जून १९३२ मध्ये सीगलच्या वडिलांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगी वडिलांचा मृत्यू झाला. त्या दुःखातूनच हा रक्षणकर्ता निर्माण झाला, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु हा अंक त्यानंतरचा, आणि त्यातला सुपरमॅन रक्षणकर्ता नाही. मानवी मन इतक्या सरळ रेषेत चालत नाही, एवढे तरी यावरून ध्यानात यावे. नाव तेच ठेवून माणूस उलटा करण्याची कल्पना पुढे सुचली. पहिली मांडणी कोठेतरी होऊन जावी लागते, तेव्हाच दुसरी सुचते. चाहत्यांच्या मासिकाचे खरे महत्त्व हेच. तेथे चुकण्याची मुभा असते.

यापुढचा भाग मात्र क्लेशकारक आहे. १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात नवा सुपरमॅन अवतरला. तेरा पानांचे १३० डॉलर देऊन प्रकाशकाने त्याचे सर्व हक्क विकत घेतले. १९४७ साली दोघे न्यायालयात गेले. परंतु सुपरमॅन त्यांना परत मिळाला नाही, उलट त्यावरची त्यांची नावेही गेली. सुपरमॅनवर इतरांनी अमाप पैसा मिळवला, आणि त्याचे जनक मात्र हलाखीत राहिले. शुस्टरची दृष्टीही अधू झाली. सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघण्याच्या बेतात असताना सीगलने वृत्तपत्रांकडे आपले गाऱ्हाणे मांडले. तेव्हा कोठे १९७५ साली प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन ठरले आणि दोघांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. शुस्टर १९९२ साली वारला, सीगल १९९६ साली.

आता तो तिसरा अंक पुन्हा उघडून पाहू. गोष्टीखाली लेखकाचे नाव आहे हर्बर्ट एस. फाइन. ते सीगलचे टोपणनाव. त्यात आईचे माहेरचे आडनाव गुंफलेले. ज्या मासिकात सारे काही त्याचे स्वतःचे होते, तेथे त्याने आपले नाव हौसेने लपवले. आणि जेथे सारे दुसऱ्याचे झाले, तेथे त्याच नावासाठी त्याला अर्धे आयुष्य झगडावे लागले.

आज या अंकाच्या थोड्याच प्रती उरल्या आहेत आणि संग्राहक त्यांना हजारो डॉलर मोजतात. पण आपल्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी चार मित्र जमवून हस्तलिखित काढू लागली, तर त्यांना दोन गोष्टी जरूर सांगाव्या. एक, बेधडक लिहा, चुका करा. आणि दुसरी, कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो दोनदा वाचा.