जादू येते कुठून? फँटसी कादंबऱ्यांतलं साम्राज्य आणि बंड

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीनं मला गाठून विचारलं, "सर, फँटसीमध्ये दर वेळी साम्राज्य पडतं आणि शेवटी पुन्हा कुणीतरी सिंहासनावर बसतंच. मग एवढं बंड केलं कशासाठी?" वेळ झाला असं सांगून मी निघालो. खरं म्हणजे माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आज तो प्रश्न घेऊ या. तीन कादंबऱ्यांबद्दल बोलणार आहे, आणि त्यांच्या शेवटांबद्दल बोलल्याशिवाय मुद्दा मांडता येणार नाही. ज्यांनी त्या वाचल्या नसतील त्यांची आधीच माफी मागतो.

या गोष्टींचा साचा आपल्याला पाठ आहे. अफाट साम्राज्य, काही केल्या न मरणारा सम्राट, पिचलेली प्रजा आणि अंगात काहीतरी शक्ती असलेलं एक अनाथ पोर. पोराला गुरू भेटतो, गुरू मरतो, राजवाडा पडतो. आता साचा असणं हा काही दोष नव्हे. कीर्तनातही पूर्वरंग आणि उत्तररंग ठरलेले असतात. बुवा त्यात काय भरतात ते आपण ऐकायला जातो. म्हणून मी अशा प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारतो : हिच्यात जादू येते कुठून?

हा प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात लिडियातल्या एका मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताकडे फिरवला की तो अदृश्य होतो. मग तो काय करतो? राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि स्वतः राजा होतो. बघा, बंड झालं, राजा मेला, आणि राज्य होतं तसंच राहिलं. प्लेटोला तिथे न्यायाची चर्चा करायची आहे. पण आपल्या कामाची गोष्ट अशी की जी शक्ती एकट्याच्या बोटात मावते, ती वापरून केलेलं बंड एकट्यालाच गादीवर बसवतं.

आता ब्रँडन सँडरसनची 'मिस्टबॉर्न' मालिका घ्या. पहिली कादंबरी २००६ची. तिथे माणसं धातू गिळतात आणि पोटात तो 'जाळून' शक्ती मिळवतात. कोणत्या धातूनं काय होतं याचे नियम पक्के आहेत. सँडरसनचं म्हणणंच असं आहे की जादूचे नियम वाचकाला जितके कळलेले असतील, तितकीच ती जादू पेच सोडवायला वापरावी. पण ही शक्ती सरदारांच्या रक्तातून येते. राबणाऱ्या 'स्का' लोकांना ती नाही. नायिका व्हिन रस्त्यावरची चोर असली तरी तिचा बाप सरदार आहे, म्हणून ती लढू शकते. म्हणजे गुलामांच्या बंडालाही शस्त्र मालकाच्या रक्तातलंच! सँडरसनला हे कळत नाही असं नाही. दुसऱ्या भागात एलेंड नावाचा तरुण राजा लोकसभेसारखं मंडळ स्थापतो, आणि ते मंडळ त्यानंच लिहिलेल्या कायद्यानं त्याला पदावरून काढतं. तो ते मानतो. मला हा प्रसंग फार आवडतो. पण शहराबाहेर फौजा उभ्या असतात, संकट वाढतं, आणि तिसऱ्या भागात तोच एलेंड सम्राट असतो, तोवर जादूही मिळालेला. त्या मुलीचा प्रश्न इथे अगदी बरोबर लागू पडतो.

आता टॉल्किन. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. तिथेही अंगठी आहे, पण शत्रूची अंगठी शत्रूवरच उलटवायची नाही, नष्ट करायची, असं ठरतं. अंगठी नष्ट होते, हरवलेला वारस राजा होतो. इथे साचा पूर्ण झाला. पण पुस्तक संपत नाही. चारही हॉबिट आपल्या गावाकडे, शायरला परततात तर तिथेच जुलूम चालू. धान्य उचलून नेलं जातंय, झाडं तोडलीयेत, भिंतीवर हुकूम लावलेत. आणि हे हुकूम बजावतंय कोण? बरेचसे गावातलेच हॉबिट. त्यांतल्या कित्येकांना ते काम मनापासून नकोय. मग शिंग फुंकलं जातं, शेतकरी बाहेर पडतात, आणि एक-दोन दिवसांत सगळं संपतं. जादू औषधालाही नाही. २००३च्या सिनेमानं नेमका हाच भाग गाळला. राज्याभिषेक ठेवला.

सोळाव्या शतकात ला बोएसी नावाच्या फ्रेंच तरुणानं विचारलं होतं, की एकट्या माणसाला हजारोंवर जुलूम करण्याची ताकद मिळते कुठून? त्याचं उत्तर साधं होतं : ती ते हजारोच देतात. त्याला ढकलायचीही गरज नाही, त्याला दिलेला आधार काढून घ्या. शायरमध्ये हेच घडतं.

आर. एफ. क्वांगची 'बेबल' ही २०२२ची कादंबरी हा विचार जादूतच घालते. काळ १८३०च्या आसपासचा, ठिकाण ऑक्सफर्ड. चांदीच्या कांबीवर दोन भाषांतले जोडशब्द कोरायचे. भाषांतरात जे निसटतं त्यातून शक्ती निर्माण होते. ब्रिटिश साम्राज्य या चांदीवर चालतं, आणि त्यासाठी कँटन, कलकत्ता इथून आणलेल्या मुलांच्या मातृभाषा लागतात. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा. तो करणारा कंपनीच्या लष्करातला अधिकारी, आणि त्याच्या मदतीला आपल्याकडचे शास्त्रीपंडित. तो कोश मी आजही उघडतो, उपकार मानतो, आणि तो कुणाच्या सोयीसाठी सुरू झाला हेही विसरत नाही. कादंबरीत भाषांतरकार काम थांबवतात आणि लंडन मोडकळीला येऊ लागतं. जादू म्हणजे त्यांचे कष्ट होते. पुढे संपाचं काय होतं, हिंसा लागते का, यावर लेखिका सोपं उत्तर देत नाही.

शेवटी माझं स्वतःचं. आणीबाणीत मी पंचविशीत होतो. मार्च १९७७मध्ये निकाल लागले तेव्हा आम्ही पेढे वाटले. वाटलं, राजवाडा पडला, गोष्ट संपली. आम्ही आपापल्या नोकऱ्यांना लागलो. १९७९मध्ये ते सरकार कोसळलं, तेव्हा आम्ही म्हणालो, नेत्यांनी घात केला. अर्धं खरं होतं ते. उरलेलं अर्धं असं की राज्याभिषेकानंतरचं प्रकरण आम्हीही गाळलं होतं.

तर त्या मुलीला, उशिरा का होईना, हे उत्तर : जादू एकाच्या रक्तात असेल तर बंडानं फक्त राजा बदलतो. ती सगळ्यांच्या हातात आहे असं ज्या गोष्टीत कळतं, तिथे शेवटचं पान थोडं लांब असतं. ते वाचायचा कंटाळा करू नका.